फाटकासमोरचं झेरॉक्स

मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.
बावीस वर्षं या कॉलेजच्या फाटकासमोर
झेरॉक्स काढतोय मी,
आणि चार वाजले की दुकान पोऱ्याच्या हवाली करून
मॅच बघतोय.
एवढ्यावर माणसाला बोलायचा हक्क मिळत नसेल
तर पुण्यात कुणालाच मिळू नये.

आधी बास्केटबॉल.
कोर्ट झकास केलंय, निळंशार,
दिवे असे की रात्री दहाला मुंगी दिसावी.
पोरं प्रभात रोडची, बूट चौदा हजारांचे,
आणि फ्री थ्रो?
समोर कुणी नाही, आडवा हात नाही,
देवानं दिलेली पाच सेकंदांची शांतता,
आणि बॉल रिंगला नमस्कार करून परत.
टिळेकर सर म्हणतात, प्रेशर असतं.
सर, प्रेशर आमच्याकडे असतं,
सबमिशनच्या आदल्या रात्री
टोनर संपल्यावर.

मुलींच्या टीमबद्दल मात्र
वाकडा शब्द ऐकून घेणार नाही.
शाल्मली केतकर, सात नंबर, उंची पाच फूट दोन.
काउंटरवर बोलली तर ऐकू यायचं नाही,
पाठपोट की एका बाजूला, तीनदा विचारायचो.
तीच कोर्टवर ओरडली
की टेकडी उतरणारे म्हातारे थबकायचे.
फायनलला शेवटचा बास्केट तिनं मारला नाही,
पास दिला.
हे मला अजून कुणाला नीट समजावता आलेलं नाही.

आता फुटबॉल.
थांबा, पाणी पितो.

मैदान कॉलेजचंच,
पण नोव्हेंबर ते मे ते लग्नांचं असतं.
शनिवारी रिसेप्शन, रविवारी मॅच.
पेनल्टी बॉक्समध्ये गुलाबाच्या पाकळ्या,
कॉर्नरच्या झेंड्याशी पनीरचा वास,
आणि मांडवाचे खिळे.
एक सेल्वमच्या बुटातून आरपार गेला होता.
त्यानं बूट काढला, खिळा उपटला,
पंचांच्या हातात दिला, जसं काही
त्यांचंच काही पडलं होतं,
आणि कॉर्नर घेतला.

हे सगळे खडकीचे, दापोडीचे, घोरपडीचे.
सायकलवर डबलसीट येतात,
दोघा भावांत एक बुटांचा जोड.
हरतात. खोटं कशाला बोलू.
डावा बॅक एकदा पुढे गेला
की उसन्या नेलेल्या नोट्ससारखा, परत येतच नाही.
ऑफसाइडचा सापळा लावतात
आणि आपणच त्यात उभे राहतात, हात वर करून.
गेल्या सीझनला एक ड्रॉ केला,
तोही समोरची दुसरी रिक्षा
संचेती चौकात अडकून नऊच जण आले म्हणून.
त्या दिवशी मी सगळ्यांना भेळ दिली.
बास्केटबॉलवाले कप घेऊन आले
तेव्हा टाळ्या वाजवल्या. भेळ नाही दिली.
का, ते विचारू नका.

मंगळवारी ऑफिसचा शिपाई कागद घेऊन आला.
पंचवीस प्रती.
लोकांचे कागद मी वाचत नाही, धंद्याचा नियम आहे.
पण काचेवर पालथा घालताना
शब्द दिसायचे ते दिसतात.
पुढील वर्षापासून. फुटबॉल संघ. निधीअभावी.
खाली एक ओळ पार्किंगबद्दल.
मशीन जुनं आहे,
हिरवा उजेड पंचवीस वेळा
इकडून तिकडे गेला.
पन्नास रुपये, ऑफिसच्या खात्यावर मांडले.
मग सव्विसावी काढली,
ती गल्ल्यात आहे, सुट्ट्या पैशांखाली.

संध्याकाळी मैदानावर गेलो.
सेल्वम पहिल्या वर्षाच्या तिघांना
कॉर्नर शिकवत होता.
मांडववाल्यांचे बांबू कडेला येऊन पडले होते.
बॉल घरंगळत माझ्याशी आला,
मी चपलेनं मारला, गेला भलतीकडेच.
‘काका, पायाच्या आतल्या बाजूनं,’ तो म्हणाला,
पळत जाऊन बॉल आणला
आणि परत माझ्याकडे ढकलला.